कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर: लांब पल्ल्याची रोड बाईक की टूरिंग सायकल?

नोव्हेंबर लागला की रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गावर सायकलवाले दिसू लागतात. हँडलं खाली वळलेली, टायर अरुंद, अंगात चकचकीत जर्सी. लांबून बघणाऱ्याला सगळ्या सायकली एकाच जातीच्या वाटतात. पण दाभोळहून सुटलेली फेरीबोट पलीकडे धोपाव्याला लागते, जेटीवरून चढ सुरू होतो आणि पहिल्या दोन-तीन वळणांतच फरक उघडा पडतो. कुणी बसल्या जागी सावकाश पेडल मारत वर जातो, कुणी उतरून सायकल ढकलतो. ढकलणारा कमी ताकदीचा असतोच असं नाही. बऱ्याचदा त्याचीच सायकल जास्त महाग असते, फक्त ती दुसऱ्या कामासाठी बनवलेली असते.

लांब पल्ल्याची रोड बाईक, जिला दुकानात 'एन्ड्युरन्स' म्हणतात, ती मुळात शर्यतीच्या सायकलीची जरा माणसाळलेली बहीण. हँडल थोडं वर आणि जवळ, टायर थोडे जाड, वजन साधारण 8 ते 10 किलो. दिवसभर बसून वेगात अंतर कापायचं आणि सामान जवळपास न्यायचंच नाही, हे तिचं काम. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय, कॅननडेलची सिनॅप्स ही त्यातली ओळखीची नावं. टूरिंग सायकल ओझ्यासाठीच बनते. बहुधा स्टीलची फ्रेम, 13 ते 16 किलो वजन, मागे (हवं तर पुढेही) कॅरिअर, आणि त्यावर 15-20 किलो लादून दिवसच्या दिवस चालायची तयारी. ट्रेक 520, सर्लीची डिस्क ट्रकर, कोनाची सूत्रा या त्या गटातल्या.

यातली चांगली कुठली, या प्रश्नाला उत्तर नाही. किती ओझं घेऊन कोकणातले चढ चढायचेत, याला आहे.

पहिली पायरी: सायकल बघण्याआधी पिशवी भरा

नवखे लोक आधी सायकल घेतात आणि मग तिच्यावर सामान कसं बांधायचं याच्या खटपटीला लागतात. क्रम उलटा करा. जे जे न्यायचं ते एका पिशवीत भरा, ती हातात धरून घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, मग पिशवी ठेवून पुन्हा उभे राहा. दोन आकड्यांतला फरक कागदावर लिहा.

अलिबाग ते शिरोडा या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक किनाऱ्याच्या गावात घरगुती राहण्याची सोय आहे. जेवणही त्याच घरात मिळतं, तेही आधी फोन करून सांगितलं तर. त्यामुळे तंबू, चटई, स्टोव्ह, शिधा या चार गोष्टी यादीतून कटाप. उरतं काय? सायकलवर घालायचे दोन जोड, संध्याकाळचा एक, चपला, चार्जर, औषधं, हत्यारं, ट्यूब. हे 4 ते 5 किलोत बसतं आणि सीटखालच्या मोठ्या पिशवीत, फ्रेममधल्या तिकोनी पिशवीत आणि हँडलवरच्या छोट्या पिशवीत मावतं. एवढ्या सामानाला एन्ड्युरन्स सायकल पुरते. नुसती पुरत नाही, मजा देते.

आकडा 10 किलोच्या वर गेला, कॅमेरे आणि लेन्सा आल्या, किंवा कोकणातून पुढे गोवा, कारवार करत केरळपर्यंत जायचा बेत असेल, तर टूरिंगकडे वळा. 6 ते 10 किलोच्या मधल्यांना माझा सल्ला एवढाच, की पिशवी पुन्हा उघडा. त्यात दोन किलो अनावश्यक सापडतातच. जीन्सपासून सुरुवात करा.

दुसरी पायरी: दुकानात टेप घेऊन जा

दुकानदार रंग, गिअरचं मॉडेल आणि वजन सांगेल. तुम्ही शिंप्याचा टेप काढा आणि पेडलचा क्रँक जिथे फिरतो त्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा. याला चेनस्टे म्हणतात. एन्ड्युरन्समध्ये हे अंतर साधारण 41 ते 42.5 सेंटीमीटर भरतं, टूरिंगमध्ये 44 ते 46. फरक दोन-तीन बोटांचा दिसतो, पण सगळं त्यातच आहे.

कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या, म्हणजे पॅनियर, लटकवल्या आणि चेनस्टे आखूड असला तर पेडल मागे येताना टाच पिशवीवर आपटते. दर फेरीला टक्, टक्. दहा मिनिटांत वैताग येतो. मग माणूस पिशव्या मागे सरकवतो आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. वजन मागच्या आसाच्याही मागे जातं, चढावर पुढचं चाक हलकं पडून हँडल भरकटू लागतं, आणि उतारावर वेग आला की मागून कुणीतरी सायकल हलवतंय असं वाटतं. टूरिंग सायकलीत चेनस्टे लांब असल्याने पिशव्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसतात आणि सायकल शांत राहते.

दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतरही पाहा: एन्ड्युरन्समध्ये सुमारे 99 ते 102 सेंटीमीटर, टूरिंगमध्ये बहुधा 105 च्या आसपास किंवा वर. लांब सायकल वळायला आळशी असते आणि सरळ जायला एकनिष्ठ. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीकडे येताना समुद्राच्या कडेने जे उतार-वळण आहे, तिथे भर रस्त्यात गाडी थांबवून फोटो काढणारे हमखास भेटतात. मोकळी एन्ड्युरन्स सायकल त्यांना झटकन चुकवते. लादलेल्या टूरिंगला दोन वळणं आधीपासून ब्रेक धरावा लागतो.

टेप खिशात टाकण्याआधी आटे पाडलेली भोकं मोजा. मागच्या चाकाच्या आसाजवळ प्रत्येक बाजूला दोन हवीत, एक कॅरिअरला आणि एक मडगार्डला. सीटच्या खाली फ्रेमवर आणखी दोन. पुढच्या चिमट्याच्या मध्यावर असतील तर उत्तम. एन्ड्युरन्स सायकलींत बरेचदा फक्त मडगार्डपुरती सोय असते आणि कार्बनच्या फ्रेमवर तर काही वेळा तीही नसते. कार्बनच्या नळीला पट्टीने आवळून कॅरिअर बसवायचा जुगाड कुणी सुचवला तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. कार्बनला ठरलेल्या दिशेने येणारा भार पेलतो, आवळून चेपलेलं सोसत नाही.

तिसरी पायरी: सगळ्यात हलका गिअर किती, ते विचारा

कोकण म्हटलं की समुद्रकिनारा, म्हणजे रस्ता सपाट, असा पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांचा समज असतो. घाट एकदा उतरलो की संपला चढ! प्रत्यक्षात जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट कातळी पठार, वर आणि खाडी खाली, अशी इथली जमीन आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण अशा नद्यांनी हा सडा ठिकठिकाणी कापून काढला आहे. रस्ता सड्यावरून खाडीपर्यंत उतरतो, पूल किंवा जेटी ओलांडतो आणि लगेच पुन्हा वर चढतो. सह्याद्रीच्या घाटांसारखा एक लांब चढ इथे नाही. आखूड, उभे, आणि दिवसभर न संपणारे आहेत. 80 किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या वर चढाई सहज जमा होते.

त्यातही फेरीबोटीचा चढ वेगळाच. पंधरा-वीस मिनिटं बोटीत वारा खात उभं राहून पाय गार पडलेले असतात. पुढची फळी खाली पडते, आधी दुचाक्या सुटतात, मागून रिक्षा आणि गाड्या घाई करतात आणि जेटी सोडताच चढण. वेग शून्यातून उचलायचा. जयगडला हेच, धोपाव्याला हेच. म्हणून मी गिअरला टायरपेक्षा, फ्रेमपेक्षा, ब्रँडपेक्षा वरचं स्थान देतो.

थोडं गणित करू. एन्ड्युरन्स सायकलीला पुढे बहुधा 50 आणि 34 दातांच्या दोन चकत्या असतात आणि मागच्या कॅसेटची, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाची, सर्वांत मोठी चकती 34 ची किंवा त्याहून लहान. 34 ला 34 म्हणजे पेडलच्या एका फेरीत चाकाची एक फेरी, सायकल सव्वादोन मीटरच्या जरा आत पुढे. टूरिंगला पुढे तीन चकत्यांची जुनी पद्धत अजून दिसते, उदाहरणार्थ 48, 36 आणि 26. 26 ला 34 लावलं की एका फेरीत सायकल साधारण 1.6 मीटर जाते.

आता दहा टक्क्यांचा चढ धरा. तुम्ही 70 किलो, सायकल आणि सामान मिळून 30, एकूण 100. मिनिटाला 60 फेऱ्या मारायच्या तर 34-34 मध्ये ताशी पावणेआठ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो आणि त्यासाठी सुमारे 220 वॅट लागतात. 26-34 मध्ये वेग ताशी सहाच्या आत येतो आणि काम 170 वॅटच्या आसपास भागतं. सराव नसलेल्या माणसाला 220 वॅट काही मिनिटं जमतात, मग मांड्या पेटतात. 170 वर तो कुरकुरत का होईना, वर पोचतो. तीच 34-34 ची एन्ड्युरन्स 5 किलो सामानाने नेली तर एकूण वजन 85 वर येतं आणि गरज 190 वॅटवर. म्हणजे हलकी सायकल चढाला सोपी हे खरं, पण गिअर योग्य असेल तर पंधरा किलो जास्त नेऊनही टूरिंगवाल्याच्या पायावर कमी ताण येतो. तो फक्त उशिरा पोचतो.

म्हणून एन्ड्युरन्स सायकल घेत असाल, किंवा घरात आहेच, तर मागच्या कॅसेटवर बोट ठेवून विचारा, "मोठी चकती किती दातांची?" 28 असेल तर 32 किंवा 34 ची बसते का बघा, त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लांब पिंजऱ्याचा लागतो. 46 आणि 30 दातांचा क्रँक बसवता आला तर फारच बरं, मात्र पुढचा डिरेलर आणि चेनची लांबी त्याच्याशी जुळवून घ्यावी लागते. हे काम निघायच्या आठवड्यात करू नका. महिनाभर आधी करून त्यावर फिरा.

चौथी पायरी: टायर, हवा, आरे

एन्ड्युरन्समध्ये हल्ली 32 मिलिमीटरचे टायर बसतात, काहींत 35 ते 38 चेही. जेवढं जाड फ्रेममध्ये बसेल तेवढं घ्या, दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर जागा सोडून. मुंबई-गोवा महामार्गावर रुंद सिमेंटचा रस्ता आणि उखडलेला डायव्हर्जन एकाच तासात भेटतात. आतल्या वाटांवर लाल माती, पुळणीच्या गावांत रस्त्यावर आलेली वाळू, खाडीकाठी खड्डे. 25 च्या टायरवर हात बधिर होतात. टूरिंग सायकल 40 ते 50 पर्यंत पेलते आणि सामान लादलं की ती जाडी लागतेही.

हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत ठासू नका. 70 किलोच्या माणसाने 32 च्या टायरला 60 पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी, मागे थोडी जास्त. लादलेल्या 40 च्या टायरला मागे 50 च्या आसपास ठीक. पुढे आपला अंदाज आपण बांधायचा.

आरे मोजा. शोरूममधल्या एन्ड्युरन्सच्या चाकाला 24 किंवा 28 असतात, टूरिंगला 32 किंवा 36. कमी आऱ्यांच्या चाकात एक तुटला की रिम इतकी डुगडुगते की चाक फ्रेमला घासतं. 36 मध्ये एक तुटला तर शेजारचे सैल-घट्ट करून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. लांबी मोजून घेतलेले दोन-तीन जादा आरे चेनस्टेला टेपने चिकटवून ठेवायची टूरिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे, ती एन्ड्युरन्सवाल्यांनीही उचलावी.

आणि ट्यूब. किनाऱ्याच्या गावांत सायकलचं दुकान असतं, पंक्चरही काढून मिळतं, पण या सायकलींच्या चाकाच्या मापाची, बारीक प्रेस्टा वॉल्व्हची 700 सी ट्यूब तिथे मिळेल या भरवशावर निघू नका. दोन सोबत ठेवा आणि पंप स्वतःचा.

फ्रेम आणि ब्रेक

यावर वाद घालायला लोकांना फार आवडतं, तेवढा मुद्दा मोठा नाही. स्टीलच्या बाजूने नेहमी सांगतात की मोडली तर कुठल्याही गावात वेल्डिंग करून मिळते. मिळते, पण ग्रिल आणि गेट बनवणाऱ्याच्या जाड रॉडने सायकलीची पातळ नळी जोडायला गेलात तर भोक पडण्याचीच शक्यता जास्त. स्टीलचा खरा फायदा हा की ती ओझं आणि धक्के वर्षानुवर्षं सोसते, आणि बिघडायचं असेल तेव्हा बहुधा आधी तडा दाखवते. ॲल्युमिनियमही चालतं. कोकणात स्टीलला एकच शत्रू, खारा वारा. रंग उडालेल्या जागी लगेच नेलपॉलिशचा हात द्या.

ब्रेक डिस्कचे असावेत. सड्यावरून खाडीकडे उतरताना वजनाची सायकल सतत आवरावी लागते. पॅडचा एक जोड जवळ ठेवा, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर जात असाल तर. लाल चिखल पॅड भराभर खातो.

बसण्याची ढब

टूरिंगचं हँडल बहुधा सीटच्या बरोबरीने किंवा वर असतं, एन्ड्युरन्सचं किंचित खाली. दुकानात दोन मिनिटं बसून काही कळत नाही. तासभर चालवू देतील तिथूनच घ्या. मान आणि तळहात दुखले तर सायकल लांब पडते आहे. उंचीचा तक्ता काहीही म्हणो.

ब्रेव्हेवाल्यांचं ऐका, पण पूर्ण ऐकून घ्या

सायकल घ्यायची म्हटलं की ओळखीतला कुणीतरी ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब अंतर पुरं करायची सायकलफेरी, करणारा सल्ला देतोच, आणि तो एन्ड्युरन्सच सांगतो. त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. ब्रेव्हेत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत पुरे करायचे असतात. 1891 मध्ये सुरू झालेली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आज 1200 किलोमीटरची आहे, कमाल मुदत 90 तास. घड्याळ थांबत नाही. जेवायला थांबा, पंक्चर काढा, पडी टाका, सगळं त्यातच मोजलं जातं. अशा माणसाला हलकी सायकल, छोटी पिशवी आणि चांगले दिवे लागतात.

तुम्ही मात्र हर्णैला मासळीचा लिलाव बघायला थांबणार, सुवर्णदुर्ग बघणार, दुपारी सोलकढी पिऊन लवंडणार. दिवसाला 50 ते 70 किलोमीटर धरा. फेरीबोटींची वाट बघण्यात वेळ जातो तो वेगळा. या वेगाला टूरिंग सायकल अजिबात संथ वाटत नाही.

नवी टूरिंग सायकल दुकानात उभी मिळणं कठीण, बहुतेकदा मागवावी लागते. तिच्या नादी न लागता जुनी, पुढे स्प्रिंग नसलेली, स्टीलची 26 इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, धुंडाळा. पुढे तीन चकत्या, जाड टायरला जागा आणि बहुधा कॅरिअरची भोकं तिला असतातच. गुळगुळीत टायर चढवले की कोकणापुरती झकास टूरिंग सायकल तयार होते. दिसायला साधी, त्यामुळे गावात कुणी गिअर दाबूनही बघत नाही.

पाचवी पायरी: लादून एक चढ चढा

निघण्याआधी सगळं सामान बांधून, पाण्याच्या बाटल्या भरून, एका खऱ्या चढावर जा. पुण्यात असाल तर सिंहगडाचा रस्ता आहेच. रत्नागिरीकरांना भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने वर येणारा रस्ता पुरतो. तीन गोष्टी तपासा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये बसल्या जागी पेडल फिरतं का. उभं राहून पेडल मारताना पिशव्या डोलून सायकल आडवी खेचतात का. आणि उतरताना एक हात क्षणभर सैल सोडला तर हँडल थरथरतं का. तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर आधी मागचं वजन कमी करा, जड वस्तू पिशवीच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला घ्या, कॅरिअरचे बोल्ट आवळा. तरीही थरथर राहिली, तर ती सायकल त्या ओझ्याची नाही.

बोट, गाडी, हवा

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या खाड्यांवर फेरीबोटीत सायकल चढते. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या गावातच विचारून ठेवा. ओल्या लोखंडी फळीवर सायकल चालवत जाऊ नका. रोड बाईकचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) असलेले बूट तिथे हमखास घसरतात, म्हणून या रस्त्याला एन्ड्युरन्सवाल्यांनीही साध्या पेडलचे किंवा एमटीबी पद्धतीचे बूट घालावेत. खलाशाने सायकल कठड्याला टेकवली तर गिअरची बाजू बाहेर आहे ना, हे बघा.

परतीला कोकण रेल्वे सोयीची, पण स्टेशनं किनाऱ्यापासून लांब, आत आहेत. मालवणहून कुडाळ किंवा कणकवलीपर्यंत चढ-उताराचा रस्ता उरतोच, शेवटच्या दिवसाच्या हिशेबात तो धरा. सायकल पार्सलच्या डब्यात बुक होते. टूरिंगचं कॅरिअर काढायची गरज नाही. एन्ड्युरन्सचा मागचा डिरेलर मात्र काढून फ्रेमला बांधलेला बरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. मार्चपासून दुपारी सडा तापतो आणि कातळावर सावलीला झाड मिळत नाही, तेव्हा पहाटे पाचला निघून अकराला टेकायचं. पावसात नवख्यांनी येऊ नये असं माझं मत आहे.

रोज मुक्कामाला पोचलात की अंघोळीच्या आधी सायकलीवर दोन तांबे गोडं पाणी ओता, जोरात फवारा नको. फडक्याने पुसा, चेन कोरडी करून तेलाचे थेंब सोडा आणि जास्तीचं तेल पुसून काढा, नाहीतर लाल धूळ त्यात बसून चकत्या कानशीसारख्या झिजवते. मग कॅरिअरचा प्रत्येक बोल्ट हाताने हलवून बघा. पहिल्या दिवशी दुपारी जेवायला थांबाल तेव्हाही बघा, कारण नवे बोल्ट सैल व्हायचे ते त्याच दिवशी होतात.